खरिपाच्या बैठकीत एक पान ढैंच्याचं

प्रति,
मा. पालकमंत्री, बुलढाणा जिल्हा



अक्षय्य तृतीया आली की आपल्या जिल्ह्यात हंगाम दोन ठिकाणी मांडला जातो. एक जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला. तिथे शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा हलला नि कोणता जागीच राहिला ते पाहून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. दुसरी मांडणी आपल्या अध्यक्षतेखाली होते. खरीप हंगामपूर्व आढावा बैठक. सोयाबीनचं बियाणं किती क्विंटल, कपाशीची पाकिटं किती, युरिया किती मेट्रिक टन, डीएपी किती, मिश्र खतं किती. भेंडवळवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. आपल्या बैठकीवर मात्र आम्हाला विश्वास ठेवावाच लागतो, कारण तिथे मोजलं जातं तेच जूनमध्ये दुकानात येतं.

या बैठकीची बातमी मी दरवर्षी वाचते, कात्रणही ठेवते. हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडतात त्या ढैंचा आणि बोरूचं बियाणं जिल्ह्याला किती लागेल, हा आकडा त्या बातमीत माझ्या वाचनात कधी आला नाही. त्या आकड्यासाठीच हे पत्र.

मी चिखली तालुक्यातली, म्हणजे घाटावरची. आमची कोरडवाहू जमीन सोयाबीन-तुरीची. विहिरीखालचा दीड एकर तेवढा भाजीपाल्याचा, आणि घर चालतं ते त्या दीड एकरावर. वांगी, टमाटे, पत्ताकोबी, मिरची, मधूनमधून मेथी-सांबार. भाजीपाला म्हणजे खादाड पीक. सोयाबीन वर्षातून एकदा जमिनीकडं मागतं. भाजी दर तिसऱ्या-चौथ्या महिन्याला हात पसरते. बागायती मिरचीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी ४०. युरियात नत्र ४६ टक्के. ४५ किलोच्या बॅगेत ते २० किलो ७०० ग्रॅम भरतं. दोन बॅगा टाकल्या की एकराचा हिशेब बसला. बॅगेला २६६ रुपये ५० पैसे. दोन बॅगांचे ५३३.

इतक्या स्वस्तात इतकं नत्र दुसरं काहीच देत नाही, हे मी सुरुवातीलाच कबूल करते. हिरवळीच्या खतावर बोलणारे पुष्कळ लोक इथं अडखळतात. ते युरियाला शिव्या देतात आणि मग शेतकरी त्यांचं ऐकत नाही. शेतकऱ्याला ५३३ रुपयांचा हिशेब येतो.

पण त्या हिशेबात पूर्वी एक गोष्ट धरलेलीच असायची, ती आता राहिली नाही. शेणखत. दारात चार बैल, दोन म्हशी होत्या तेव्हा उकिरड्यातून गाड्या भरून शेणखत भाजीच्या तुकड्यात जायचं आणि युरिया त्याच्यावरचं मीठ असायचं. आता गोठे रिकामे झाले. ट्रॅक्टरनं नांगरतो, रोटाव्हेटरनं मोडतो आणि शेणखताची ट्रॉली मागायला गेलं की भाव ऐकून परत येतो. म्हणजे मीठ तेवढं उरलं, भाकर गेली. आमच्या मातीच्या तपासणीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला. एरवीही ते दिसत होतं. पाणी दिलं की माती चिखलासारखी बसते, वाळली की फरशीसारखी तडकते. जमिनीला खायला काय घालायचं हा प्रश्न मला तिथून पडला.

उत्तर घरातच होतं, फक्त त्याला खत म्हणत नव्हते. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लग्नानंतरची बरीच वर्षं धुऱ्याला लागून बोरूची एक पट्टी असायची. बोरू खतासाठी नसायचा, दोरासाठी असायचा. कापून पेंढ्या नाल्याच्या डोहात भिजत घालायच्या, कुजल्या की साल सोलायची आणि तागाचे कासरे, चऱ्हाटं वळायची. नायलॉनचा दोर आला आणि बोरूची पट्टी गेली. पण त्या पट्टीबद्दल घरात एक नेम होता: जिथं बोरू होता तिथं पुढच्या वर्षी वांगी. का, ते कोणाला सांगता येत नव्हतं. त्या वांग्याचं पान काळंभोर असतं, एवढंच.

कारण जगाला १८८६ सालीच कळलं होतं. हेलरीगेल आणि विलफार्थ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरतात. बोरू उपटून पाहिला तर त्या गाठी कुणालाही दिसतात. नखानं एक गाठ फोडायची. आत लालसर गुलाबी असली तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट असली तर बसून आहेत. जमिनीत युरिया भरपूर असेल तर गाठी कमी धरतात, धरल्या तरी सुस्त. घरात आयतं आलं की कोण राबतं! हे मी माझ्याच दोन तुकड्यांत पाहिलंय.

मी ढैंच्याकडे वळले ते बोरूपेक्षा तो आमच्या काळ्या जमिनीत पाणी साचलं तरी तग धरतो म्हणून. एकरी २० ते २५ किलो बियाणं, पहिल्या पावसावर दाट पेरायचं, ४५ ते ५० दिवसांत फुलोऱ्याच्या तोंडावर जमिनीत गाडायचं. पत्रकात इतकंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर विसंबून मी दोनदा तोंडघशी पडले, ते सविस्तर सांगते, कारण माझ्या मागणीचं मूळ त्यातच आहे.

पहिल्या वर्षी ढैंचा झकास आला, कमरेच्या वर. वेळेत गाडला. कोबीची रोपं तयार होती, वाढून चालली होती, म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी लावून टाकली. आठवडाभरात रोपं माना टाकायला लागली. मुळाजवळ सडलेली, ओढली की हातात. हिरवा पाला मातीत कुजत असताना तिथं उष्णता असते, बुरशीची जत्रा असते, कोवळ्या रोपाला ते सोसत नाही. पाला गाडल्यावर दोन ते तीन आठवडे थांबायला हवं होतं. भातात ढैंचा गाडून लगेच चिखलणी करून लावणी करतात, तिथं चालतं. हिरवळीच्या खताची आपली बरीचशी पत्रकं भात आणि ऊस डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेली आहेत. कोबीचं रोप म्हणजे भाताचं रोप नव्हे.

दुसऱ्या वर्षी उलटं झालं. जुलैच्या शेवटाला झड लागली. काळ्या जमिनीत वाफसाच येईना, ट्रॅक्टर आत घालायची सोय नाही. पन्नास दिवस गेले, साठ गेले, पंचाहत्तराव्या दिवशी रोटाव्हेटर फिरला तेव्हा ढैंच्याची दांडी बोटासारखी जाड झाली होती, तुराट्या म्हणाव्या तशी. तीन आठवडे थांबून टमाटे लावले आणि टमाटे पिवळे पडले. खत टाकलेल्या तुकड्यात उपासमार! कोवळ्या पाल्यात नत्राचं प्रमाण जास्त असतं, तो कुजताना नत्र सुटतं. निबर दांडीत कर्ब जास्त, नत्र कमी. ती कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलंच उचलतात. देणाराच उसनं मागायला लागतो. ते नत्र पुढं परत मिळतं, पण तोवर टमाट्याचा पहिला बहार निघून गेलेला असतो. त्या वर्षी मी नेहमीपेक्षा जास्त युरिया टाकला, हे लिहायला लाज वाटते.

तेव्हापासून झड लागली की ट्रॅक्टरची वाट पाहत नाही. चाळिसाव्या दिवसानंतर विळ्यानं किंवा कटरनं ढैंचा कापून जागेवर आडवा पाडते. वाफसा येईल तेव्हा मिसळायचा. पाला आडवा झाला की निबर होणं थांबतं. पेरताना सिंगल सुपर फॉस्फेट ढैंच्यालाच देते, कारण गाठींना स्फुरद लागतं आणि ढैंच्यानं खाल्लेलं स्फुरद पुढं भाजीच्याच तोंडात येतं. एकदा सोयाबीनचं जिवाणू संवर्धन उरलं होतं ते ढैंच्याच्या बियाला चोळलं. उपयोग शून्य. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, ढैंच्याचा वेगळा. बोरूला चवळी-मुगाच्या गटाचं संवर्धन चालतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता मोजमाप. मी ते भाजीच्या काट्यावर करते. मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकट टाकायची, आतला ढैंचा मुळापासून कापायचा, तोलायचा. दोन किलो भरला की समजायचं एकरी आठ टन. ओल्या पाल्यात नत्र साधारण ०.४ टक्के, म्हणजे आठ टनांत ३२ किलो. ऐकायला दीड बॅग वाटते. पण पहिल्या पिकाच्या वाट्याला त्यातलं निम्मं मोकळं झालं तरी भरपूर. पंधरा-सोळा किलो. म्हणजे पाऊण बॅग. बाकीचं मातीत मुरतं आणि पुढच्या पिकांना हळूहळू मिळतं. शिवाय त्या ३२ किलोंतलं सगळं हवेतून आलेलं नसतं, काही मातीतूनच उचललेलं असतं.

साहेब, पाऊण बॅग. ढैंच्यानं युरिया बंद होतो असं कोणी व्यासपीठावरून सांगितलं तर त्याला हा काटा दाखवा. माझ्या मिरचीला दोन बॅगा लागायच्या, आता सव्वा लागते. ती सव्वाही मी आधी न टाकता फळधारणेला हप्त्यानं देते, कारण पाला कुजून नत्र सुटण्याचा जोर पहिल्या महिना-दीड महिन्यात असतो, पुढं ओसरतो. कोबीला ते नेमकं लागू पडतं, तिचं आयुष्यच तीन महिन्यांचं. मिरची-टमाट्याला मागाहून हात द्यावाच लागतो.

मग एवढा खटाटोप कशाला, असं आपले सचिव विचारतील. पाऊण बॅग म्हणजे दोनशे रुपये! एकराचं ढैंच्याचं बियाणंच त्याहून कितीतरी महाग पडतं. बरोबर आहे. पण २६६ रुपये ५० पैसे ही त्या बॅगेची खरी किंमत नाही, हे आम्हाला सरकारच सांगत असतं. खरी किंमत कित्येक पट आहे आणि फरक केंद्र सरकार कंपनीला अनुदान म्हणून भरतं. माझ्या शेतात येणाऱ्या प्रत्येक बॅगेमागं सरकारी तिजोरीतून पैसा जातो. मी ती बॅग घेतली नाही तर तो पैसा वाचतो, मला मात्र त्यातला एक रुपया मिळत नाही. ढैंचा पेरणारी बाई स्वतःच्या खिशातून बियाणं घेते, पन्नास दिवस जमीन अडकवते, रोटाव्हेटरचं भाडं भरते आणि सरकारचं अनुदान वाचवते. या व्यवहारात भोळं कोण? वाचलेल्या बॅगेच्या अनुदानात एका एकराच्या ढैंचा बियाण्याचा किती हिस्सा निघेल, हा भागाकार आपल्या कृषी खात्याला मिनिटभराचं काम आहे. तो करून बैठकीत मांडावा.

गेल्या खरिपात युरियाची एक बॅग आणायला गेले तर दुकानदारानं सोबत एक बाटली हातात ठेवली. हे घेतलं तरच ते. लिंकिंग म्हणतात त्याला. तीन दुकानं फिरले. कोणाचं नाव घेत नाही, नावानं काही होतही नाही. पण त्या दिवशी पाऊण बॅगेची किंमत मला दोनशे रुपयांहून फार जास्त वाटली.

आता कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यात तर दरवर्षी लाखो एकरांवर शेंगवर्गीय पीक असतंच. सोयाबीन! त्याच्याही मुळांना गाठी येतात, मग वेगळा ढैंचा कशाला? हा प्रश्न आमच्या बचत गटात हमखास निघतो. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांचा जवळजवळ सहावा हिस्सा नत्र असतं. एकरी आठ क्विंटल सोयाबीन चिखलीच्या मार्केटात नेऊन टाकलं की त्याबरोबर ५० किलो नत्र शेताबाहेर गेलं. गाठींनी कमावलेलं दाण्यांनी नेलं. मागं उरतं ते कुटार, आणि तेही बहुतेकांचं बांधावर किंवा गोठ्यात. सोयाबीन आपलं पोट भरतं, जमिनीचं नाही. ढैंच्याला दाणा भरू न देता गाडायचं ते याचसाठी. मूग मधला आहे. शेंगा तोडून घ्यायच्या, मग झाड गाडायचं. नत्र कमी मिळतं पण हातात चार पैसे येतात. ज्याच्याकडे एकच एकर आहे त्याला मी ढैंचा सांगत नाही, मूगच सांगते.

जमीन अडकते, ही खरी अडचण. खरिपाचे पन्नास दिवस कोरडवाहू माणसाला सोडवत नाहीत. आम्ही यावर काढलेला तोडगा साधा आहे. दीड एकराचे चार तुकडे, पंधरा-पंधरा गुंठ्यांचे. दरवर्षी एकच तुकडा ढैंच्याला. तीन तुकडे घर चालवतात, चौथा आराम करतो. चार वर्षांत फेरा पूर्ण. ज्या तुकड्यात ढैंचा, त्यात ऑगस्टच्या अखेरीला कोबी किंवा टमाटे. हे पीकही विचार करून ठरवावं लागतं. देऊळगाव राजाकडच्या माझ्या आतेभावानं ऑगस्टमध्ये ढैंचा गाडला आणि डिसेंबरात त्या जागी कांदा लावला. मधले साडेतीन महिने शेत उघडं. सप्टेंबरच्या पावसात सुटलेलं नत्र मुळांच्या खाली उतरून गेलं. कांदा त्याला शोधत बसला. त्यानं मला दोष दिला, मी त्याला. चूक वेळापत्रकाची होती.

धाडकडच्या मिरचीवाल्यांना तर ढैंच्याचा सल्ला द्यायचाच नाही. ते उन्हाळ्यातच गादीवाफे, ठिबक, मल्चिंग करून मिरची लावतात; पहिला पाऊस येतो तेव्हा त्यांचं शेत भरलेलं असतं. त्यांच्या जूनमध्ये ढैंच्याला जागा कुठून आणायची? त्यांच्यासाठी उपाय धुऱ्यावर आहे. गिरिपुष्प. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. हेही शेंगवर्गीय. फांदी खोचली तरी जगतं, दोन वर्षांत छाटणीला येतं, कापलं की पुन्हा फुटतं. पाला कापून मिरचीच्या ओळीत टाकायचा. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेचा अनुभव असा की एका हेक्टरच्या शेताच्या सातशे मीटर बांधावर गिरिपुष्प दाट लावलं तर झाडं मोठी झाल्यावर वर्षाला साधारण ३० किलो नत्र त्या पाल्यातून मिळतं. शेतातली एक ओळही मोडावी लागत नाही. धाड परिसरातल्या धुऱ्यांवर आज बाभूळ आहे, बेशरम आहे, बरंचसं नुसतं गवत आहे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतून दरवर्षी इतकी रोपं निघतात. त्यांत गिरिपुष्पाचा वाटा ठरवून ठेवला तर त्यासाठी वेगळी योजना काढायची गरज नाही.

घाटाखालची गोष्ट वेगळीच. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, पूर्णेकाठचा खारपाण पट्टा. तिथं विहिरीचं पाणी खारं, जमीन चोपण. माझं माहेर त्या बाजूचं. लहानपणी आम्ही गोडं पाणी दुरून आणायचो. तिथं ढैंच्याचं काम नत्राच्या पलीकडचं आहे. पाला कुजताना सेंद्रिय आम्लं आणि कर्बवायू तयार होतो, त्यानं जमिनीतला चुना थोडा विरघळतो, चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला ढकलून देतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली जातं. माती मोकळी होते. ढैंचा स्वतः त्या खाऱ्या जमिनीत उगवून येतो, हे त्याचं कौतुक. शेततळ्याच्या पाण्यावर दहा-वीस गुंठे भाजी करणारे लोक त्या पट्ट्यात आता दिसू लागलेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी गावांच्या जोडीला खारपाण पट्ट्यातली ९३२ गावं घेतली, ते योग्यच झालं. शेततळ्याचा लाभ देताना त्याच कागदाला ढैंच्याच्या बियाण्याची पिशवी जोडता आली असती.

देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडच्या शेडनेटवाल्यांनाही एक शब्द. टमाटे, मिरची, काकडीचं बीजोत्पादन तिथं वर्षानुवर्षं त्याच जाळीखाली होतं. सूत्रकृमीनं मुळांना गाठी येतात, आणि या गाठी म्हणजे नत्राच्या गाठी नव्हेत, रोगाच्या. त्या फोडून गुलाबी रंग शोधत बसू नये. बोरू अशा जमिनीत सूत्रकृमीची वाढ रोखतो. दोन लागवडींच्या मधल्या फटीत पन्नास दिवस बोरू घेऊन गाडला तर त्यांना दुहेरी लाभ आहे. त्यांचं उत्पन्न आमच्यापेक्षा बरं, त्यांनी हे स्वतःच्या पैशानं करावं असं मला वाटतं. इथं माझ्या नवऱ्याचं नि माझं पटत नाही.

हिरवळीचं खत ही जादू आहे असं मी म्हणत नाही. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरला होते. त्यांची कंपोस्टची इंदूर पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण १९४० च्या त्यांच्या पुस्तकात हिरवळीच्या खतावरही त्यांनी स्वतंत्र लिहिलंय, आणि त्यात उत्साहाइतकीच सावधगिरी आहे. पाला गाडला म्हणजे झालं असं नाही. तो कुजायला हवा हवी, ओल हवी, आणि कुजण्याची वेळ नि पिकाच्या भुकेची वेळ जुळायला हवी. इंदूरच्या त्या कामाला जवळपास शंभर वर्षं होत आली. बुलढाण्यात ही वेळ कशी जुळवायची याचा तालुकावार कागद माझ्या हाती अजून लागलेला नाही. मी तो माझ्या दीड एकरात, कोबी मारून नि टमाटे पिवळे करून तयार केला. प्रत्येकानं असाच करायचा का?

म्हणून माझ्या मागण्या आहेत त्या वेळेच्या. ढैंचा आणि बोरूचं बियाणं मे अखेरपर्यंत तालुक्याच्या ठिकाणी असावं. जुलैमध्ये आलेल्या बियाण्याचा मला उपयोग नाही. जुलैचा ढैंचा सप्टेंबरात गाडला जातो आणि तोवर कोबीची रोपं म्हातारी झालेली असतात. महाबीजचं मुख्यालय अकोल्याला, घाट उतरलं की तासा-दोन तासांच्या वाटेवर. मागणीचा आकडा आपल्या बैठकीतून एप्रिलमध्ये गेला तर बियाणं मेमध्ये येऊ शकतं. मागणीच गेली नाही तर त्यांनी तरी कोणासाठी ठेवायचं?

आणि सगळं बियाणं बाहेरून का आणायचं? ढैंचा नाल्याच्या काठाला, धुऱ्याला, पडीक तुकड्यात सहज वाढतो. बियासाठी ठेवला की दिवाळीनंतर शेंगा वाळतात. आपला जिल्हा मोठ्या कंपन्यांसाठी भाजीपाल्याचं संकरित बियाणं पिकवतो; परागीकरणासारखं नाजूक काम इथल्या बाया चिमट्यानं करतात. त्यांना ढैंच्याचं बी धरणं जड जाईल? बचत गटांना हे काम द्या. उगवणशक्ती तपासून, पिशवीवर शिक्का मारून ते त्याच तालुक्यात विकता येईल.

डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं २०१८ मध्ये सुरू झालेल्या जैविक शेती मिशनमध्ये आपला जिल्हा पहिल्यापासून आहे. विद्यापीठ त्यांच्याच नावाचं, अकोल्याला. कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्यात आहेत, एक बुलढाण्याला आणि एक जळगाव जामोदला, म्हणजे एक घाटावर, एक घाटाखाली. याहून सोयीची मांडणी सांगूनही झाली नसती. दोन्हीकडे भाजीच्या एकेका तुकड्यात ढैंचा घ्या, शेजारी बिनढैंच्याचा तुकडा ठेवा, चार वर्षं काट्यावर तोला. नुसतं उत्पादन तोलू नका. वाचलेला युरिया, लागलेली मजुरी, गाडायला मिळालेले वाफशाचे दिवस हेही लिहा. निकाल माझ्याविरुद्ध गेला तर मी तो आमच्या गटात वाचून दाखवीन.

यंदा तिसऱ्या तुकड्याची पाळी आहे. साडेआठ किलो बियाणं लागेल, त्यातलं सहा किलो घरचं आहे, गेल्या साली नाल्याकाठच्या झाडांचं धरून ठेवलेलं. उरलेलं अडीच किलो शोधते आहे. पाऊस वेळेवर आला तर जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेरणी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाडणी. त्या दिवशी आपले सहायक कृषी अधिकारी आले तर चौकट टाकून वजन त्यांच्यासमोर करू. काटा माझा आहे. वजनं त्यांनी आणावीत, म्हणजे शंका नको.

आपली विश्वासू,
एक भाजीपाला उत्पादक शेतकरी
तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा